प्राचार्यांची गैरहजेरी

लोणावळ्यात चिक्कीची पुडी हातात नसलेला माणूस म्हणजे नुकताच आलेला. एस.टी.तून उतरल्या उतरल्या रिक्षावाल्यानं मला बरोबर हेरलं.

"कुटं सोडू?"

"कुसगावच्या पुढं, सेमिनरीत."

सेमिनरी म्हणजे पाळक (ख्रिस्ती धर्मोपदेशक) घडवणारं महाविद्यालय. त्यानं आरशातून माझं टक्कल आणि पोट न्याहाळलं. "फादर व्हायला आलाव व्हय?"

"नाही, मित्राला भेटायला."

"मग उद्या थांबा. जत्रंत कबड्डी हाय. त्या सेमिनरीतलाच एक गडी लय भारी खेळतोय."

मित्र म्हणजे दिलीप. साताऱ्याच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. तेव्हा तो रविवारी चर्चमध्ये गेला तर जायचा, नाही तर झोपायचा. आता तोच प्राचार्य झाला होता. मी पांढऱ्या झग्यातल्या गंभीर माणसाची अपेक्षा ठेवून फाटकातून आत शिरलो, तर स्वयंपाकघरामागं एक गृहस्थ हाफ पँटीत गटारात बांबू खुपसत होते.

"वसंता, हात देऊ नकोस, घाण आहे," दिलीप म्हणाला. "आज गटाराची पाळी माझी."

इथं सगळ्यांना पाळ्या होत्या. झाडलोट, भांडी, संडास, म्हैस. प्राचार्यांनाही सूट नव्हती. पाळ्या एस्तेरबाई लावत. या उपप्राचार्या. हिब्रू शिकवतात, आणि रागावल्या की मराठीसुद्धा उजवीकडून डावीकडे वाचायला लावतात, असं विद्यार्थी म्हणत.

रात्रीच्या जेवणाला भात, आमटी आणि सुकटीची चटणी होती. माझा हात दुसऱ्यांदा चटणीकडे गेला तेवढ्यात एस्तेरबाई उभ्या राहिल्या. "उद्या संध्याकाळची प्रार्थना चुकवू नये. विशेषतः दानिएलनं."

कोपऱ्यातल्या एका दणकट तरुणानं मान खाली घातली. दिलीपनं हळूच सांगितलं, दानिएल नवापूरकडचा, शेवटच्या वर्षाला आहे. कबड्डीच्या सरावापायी दोनदा प्रार्थना चुकवली. तिसऱ्यांदा चुकली की वर्ष गेलं. गावाकडची मंडळी (चर्चमधली माणसं) त्याची पाळक म्हणून वाट बघत बसली आहेत.

"मग तू काय करणार?" मी विचारलं.

"प्रार्थना," तो म्हणाला आणि माझ्या पुढ्यातली उरलेली चटणी त्यानं वाढून घेतली.

रविवारी सकाळी उपासना झाली. दिलीपचं प्रवचन चांगलं होतं असं शेजारी बसलेल्यांनी सांगितलं; मला मध्येच डुलकी लागली होती. दुपारी त्यानं मला स्कूटरवरून बेडशाची लेणी दाखवायला नेलं. पायऱ्या चढताना माझा जीव गेला. वरच्या उंच खांबांवर दगडी माणसं घोड्याहत्तींवर ऐटीत बसली होती. वर पोचायला त्यांनी वाहन वापरलं याचा मला फार हेवा वाटला.

परत येताना कुसगावच्या माळावर जत्रेचा लाउडस्पीकर ऐकू आला. दिलीपनं स्कूटर थांबवली.

"दोन मिनिटं," तो म्हणाला.

मैदानात दानिएल होता. अंगात गावच्या संघाची बंडी, मांडीपर्यंत माती. दोन्ही बाजूंचे गुण सारखे झाले होते आणि शेवटची चढाई त्याची होती. दिलीपची दोन मिनिटं केव्हाच संपली होती. दिलीप कोणाच्या तरी बैलगाडीवर चढून ओरडत होता. तिघांनी दानिएलचा पाय धरला, तसा तो त्यांना घेऊनच मध्यरेषेकडे सरकला आणि बोटाच्या टोकानं रेषेला शिवला. मग माळावर गुलालाशिवाय काही दिसेना. संघाचा कप्तान सोपान, डेअरीवाला, दिलीपला मिठी मारून म्हणाला, "सर, तुमचं पोरगं न्हाई, आमचंच हाय त्ये."

तिघं एका स्कूटरवर बसून निघालो. "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, त्रैक्य आहे, पोलीस सोडतील," दिलीप म्हणाला. दानिएल हसला नाही. सेमिनरीत पोचलो तेव्हा प्रार्थना संपून दिवे लागले होते. फाटकात एस्तेरबाई उभ्या होत्या. आमची तिन्ही गुलाबी तोंडं बघून त्यांनी हातातली हजेरीची वही मिटली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी सगळे प्रार्थनागृहात जमले. बाईंनी दानिएलला विचारलं, "नियम माहीत होता?"

"हो बाई." तो उभा राहिला. "मी इथं आलो तेव्हा मला नीट मराठी येत नव्हती, घरी आमची बोली वेगळी. वर्गात तोंड उघडायची लाज वाटायची. सोपानभाऊंनी मैदानावर बोलावलं. तिथं कबड्डी एवढा एकच शब्द लागत होता. काल त्यांना नाही म्हणता आलं नाही. मी हे वर्ष पुन्हा करीन."

"मला एकदा विचारलंस का?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालेच असते. मग दुसऱ्यांदा विचारायचं."

दिलीप उठला. "काल मीही प्रार्थनेला नव्हतो. याला तिथं बघूनही परत पाठवलं नाही. उलट ओरडत बसलो. त्याची तिसरी गैरहजेरी माझ्या नावावर घाला."

एस्तेरबाईंनी हजेरीची वही उघडून त्यात लिहिलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे कालची तुमची एक, आणि ही दुसरी. आणखी एक झाली की प्राचार्य, तुमचं वर्ष गेलं."

"मान्य आहे," दिलीप म्हणाला. मी त्याला ओळखतो. त्याचा आवाज खरोखर घाबरलेला होता.

"आणि सत्र संपेपर्यंत भांडी तुम्हा दोघांची. पाहुणे दुपारी जाणार असतील, तर सकाळची त्यांनीही घासावीत."

मी घासली. शेजारी दानिएल पातेल्याला राख लावत गुणगुणत होता.

एस.टी.त बसल्यावर मी विचार करत होतो. माझ्या सरकारी कचेरीत इतके साहेब आले नि गेले. हाताखालच्या माणसाची चूक स्वतःच्या नावावर मागून घेणारा एकही मी पाहिला नाही. आणि ती खरोखरच त्याच्या नावावर लिहून टाकणारी बाई तर मुळीच नाही. दिलीपला मी इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्याच्याबद्दल अभिमान वाटला तो पहिल्यांदाच.

घरी बायकोनं हातातली चिक्की घेत विचारलं, "तीन दिवस देवाच्या दारी राहिलात. दिसला का कुठं?"

"नाही," मी म्हणालो. "एस्तेरबाईंनी त्यालाही भांड्यांच्या पाळीतून सोडला नसेल."