आवाज येऊन राह्यला

हिंगणघाटपासून समुद्र शेकडो मैल लांब आहे, पण समुद्रावर उठणाऱ्या प्रत्येक वादळानं या पृथ्वीतलावर सगळ्यात जास्त कुणाचं डोकं फिरत असेल, तर ते आमच्या मामेसासऱ्यांचं. बरं, वादळाबद्दल त्यांची काही तक्रार नाही. "त्याचं कामच हाय ते," म्हणून ते वादळाला मोकळं सोडतात. त्यांचा राग टीव्हीवर, आणि त्यातही गारेगार खोलीत कोट घालून बसलेल्या त्या माणसांवर, जी दुसऱ्याच्या लेकराला भर पावसात समुद्राकाठी उभं करतात आणि वर विचारतात, "तिथली परिस्थिती नेमकी कशी आहे?" यावर मामा खुर्चीतून अर्धे उठतात. "अबे, दिसून नाई राह्यली काय तुले? पोट्टं उडून चाललं, अन् हा परिस्थिती पुसते!"

मामांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही. पाणी म्हणून पाहिलं ते वेणा नदीच्या पुराचं. तरी वादळाची बातमी लागली की खुर्ची टीव्हीपासून दोन हातांवर येते आणि आवाज इतका वाढतो की शेजाऱ्यांना आपला टीव्ही लावायची गरज उरत नाही. वार्ताहरांची परीक्षाही कडक. गुडघे वाकवून घोटाभर पाणी कमरेइतकं दाखवणारा एक मिशीवाला गडी होता, त्याला "उभा राय सिधा!" म्हणून मामांनी पहिल्याच दिवशी नापास केलं. 'घराबाहेर पडू नका' असं घराबाहेर उभं राहून सांगणाऱ्यांना तर ते कोपरापासून हात जोडतात. एक पोरगी मात्र त्यांच्या मनात भरली. बारकीशी, अंगातला रेनकोट तिच्या मापाच्या दुप्पट. वाऱ्यानं ढकललं की दोन पावलं मागं जाते, पुन्हा जागेवर येते आणि कानातलं यंत्र दाबून विचारते, "माझा आवाज येतोय का?" आणि इकडे मामा छाती भरून उत्तर देतात, "येऊन राह्यला, बाई! बोल!"

मला आधी हसू यायचं, मग राग यायला लागला. भाचजावयानं आर्वीहून एसटीचे धक्के खात जेवायला यावं आणि सासऱ्यानं टीव्हीशी बोलत बसावं, ही कुठली रीत? एकदा मी बोललोच, "मामा, तिला तुमचं ऐकू जात नाही." मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं पाण्याचा पेला उचलला. मग म्हणाले, "जवाईबापू, जिनात तीस वर्षं काढले मी." कापसाच्या जिनात पट्टा चढवायला माणूस मशिनीच्या मागं गेला की तिथून हाक मारायचा, 'आवाज येते का?' बाहेरच्यानं 'येऊन राह्यला' म्हणायचं, आणि आतला बाहेर येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. हा तिथला कायदा. एका दुपारी मामांनी आतून हाक मारली, उत्तर आलं नाही, आणि मशीन सुरू झाली. डाव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली. "पुसनाऱ्याले उत्तर द्या लागते," एवढंच म्हणून ते पुन्हा टीव्हीकडे वळले.

आणि मग तो रविवार आला. मामीनं गोळाभात केला होता, वर फोडणीचं तेल ओतायचं तेवढं बाकी, मी पाटावर बसलेलो. टीव्हीवर ती पोरगी एका खांबाला धरून उभी. "माझा आवाज येतोय का?" असं तिनं विचारलं आणि चित्र जागच्या जागी थिजलं. कोटवाला गृहस्थ शांतपणे म्हणाला, "संपर्क तुटलेला दिसतोय, घेऊया एक छोटीशी विश्रांती." लगेच केसांच्या तेलाची जाहिरात! एक बाई वाऱ्यावर केस उडवत हसतेय!

मामा ताडकन उभे राहिले. "पुसलं पोट्टीनं, अन् उत्तर न देता बटन दाबलं लेकाच्यानं!"

त्यांनी माझ्याच मोबाईलवरून वाहिनीला फोन लावला. पलीकडून यंत्र बोललं, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." "माहा नाई, तिचा!" मामा यंत्रावर ओरडले. मग जाहीर केलं की ती दिसेपर्यंत घरात कोणी जेवणार नाही. अहो, काय संबंध? माझ्या पोटात कावळे ओरडत होते, ताटात भात निवत होता. पण अर्धा तास गेला, तासही गेला, कोटवाला क्रिकेटवर बोलायला लागला, तिचं नावसुद्धा काढेना, तेव्हा माझंही टाळकं सरकलं. निर्लज्ज माणूस! तुझ्या घरची असती तर? हे मी मोठ्यानं बोललो, ते मामीनं पदरामागून हसल्यावर कळलं.

दीड तासानं ती आली. कुठल्याशा शाळेच्या व्हरांड्यात, नखशिखांत भिजलेली, पण धड. "माझा आवाज येतोय का?"

"येऊन राह्यला, माय," मामा म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत. डोळे पुसले आणि मामीला म्हणाले, "वाढ."

त्याला आता चार वर्षं झाली. जिनानं बोटं एका दमात घेतली होती, कान हळूहळू घेतले. मामा आता ठार बहिरे आहेत. कानातलं यंत्र आणलं, तर "हे त्या पोट्टीच्या कानात शोभते" म्हणून डबीत ठेवून दिलं. परवा पुन्हा वादळ आलं, पुन्हा खुर्ची पुढं आली. ती आता जरा मोठी दिसते, रेनकोट मापाचा मिळालाय. मामा तिच्या ओठांकडे टक लावून बसले होते. पावसानं चित्र धूसर झालं, तसे कासावीस होऊन माझ्याकडे वळले.

"जवाईबापू, पुसलं काय तिनं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग? सांगतलं नाई तुमी?"

दारात शेजारी उभे होते, बायको बघत होती. मी उठलो आणि टीव्हीसमोर जाऊन, बेंबीच्या देठापासून ओरडलो, "येऊन राह्यला, बाई! बोल!"

मामांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं आणि खुर्चीत मागं टेकले. "आता बोलन ते," म्हणाले.

आणि ती बोलायला लागली.