मास्तरांची जीप आणि रिकामी वाटी

शिंप्याकडे कापड उरलं आणि त्यानं ते परत दिलं, तर गिऱ्हाईक जन्मभर त्याचं नाव घेतं. मास्तरांचा सगळा धंदा याच एका गोष्टीवर चालला. लष्करी गणवेश शिवण्यात त्यांनी हयात घालवली, आणि ज्या कापडात इतर शिंपी पँटसुद्धा रडतखडत बसवत, त्यात ते पँट बसवून वर टोपी काढत. उरलेला तुकडा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवत म्हणत, "उरवणं हेच कसब." इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा एवढाच झाला, की हाच नियम त्यांनी यंत्रांनाही लावला.

मास्तरांना दुरुस्तीचा भारी नाद. घड्याळ, मिक्सर, इस्त्री, जे हाती लागेल ते उघडायचं, पुसायचं आणि पुन्हा जोडायचं. जोडून झालं की टेबलावर हमखास एकदोन स्क्रू उरायचे. मास्तर ते डोळ्यांसमोर धरून कौतुकानं बघायचे. "बघ, कंपनीवाल्यांना काटकसर म्हणून माहीत नाही. एवढ्यावाचून चालतंय ना?" आणि चालायचंही. थोडा वेळ. मग मिक्सरचं झाकण छताला भेटून यायचं.

हे "बघ" ज्यांना उद्देशून असायचं त्या त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची. गणवेशांची काजं-बटणं त्यांच्याकडे होती, आणि त्यांनी लावलेलं बटण कापड फाटलं तरी तुटत नसे. स्वभावही तसाच. उरलेला प्रत्येक स्क्रू त्या एका स्टीलच्या वाटीत टाकायच्या आणि ती वाटी फळीवर अगदी दर्शनी ठेवायच्या, म्हणजे आल्यागेल्याला दिसावी.

एके दिवशी मास्तरांनी दुरुस्त केलेला पंखा पलंगावर येऊन आडवा झाला. पलंगावर तेव्हा कुणी नव्हतं म्हणून निभावलं. बाईंनी कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "आजपासून तुमचा हात लागलेल्या वस्तूवर मी बसणार नाही आणि तिच्याखाली निजणार नाही. वाटी रिकामी ठेवून एक तरी वस्तू जोडून दाखवा, मग बोला."

त्यानंतर लवकरच मास्तरांनी स्कूटर उघडली. वाटीत एक वॉशर पडला, आणि बाई स्कूटरवर बसायच्या बंद झाल्या त्या झाल्याच. तेव्हापासून गल्लीला एक फुकटचा तमाशा मिळाला. बाजारात जाताना बाई पायी आणि शेजारून मास्तर स्कूटरवर, त्यांच्याच चालीनं. इतकी हळू चालवायची म्हणजे तोल जाणार, म्हणून मास्तर दोन्ही पाय रस्त्यावर घासत न्यायचे. चपला झिजल्या, चांभार गबर झाला, पण मास्तर एकदाही पुढे निघून गेले नाहीत. लोकांनी विचारलं तर म्हणायचे, "पेट्रोल वाचतं." खोटं, साफ खोटं! मागची सीट रिकामी असली की त्यांचा जीव लागत नसे, हे खरं. बायकोला शेजारी बसवून कुठंतरी लांब भटकून यावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं एका वॉशरपायी घालवली होती.

मग जीप आली. भंगारवाला मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. पोरांचे सूट शिवून घेतले आणि बदल्यात एक लष्करी जीप दुकानामागच्या आवारात आणून टाकली. जीप कसली, कुठल्या तरी जुन्या लढाईतून जीव वाचवून आलेला सांगाडा! टायर बसलेले, पत्रा गंजलेला, आणि बॉनेटखाली चिमण्यांनी संसार थाटलेला. मास्तरांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, गळ्यातली टेप काढली आणि सगळ्यात आधी तिचं माप घेतलं.

"आपण सगळ्या घरानं मिळून हिला उभी करायची," ते म्हणाले.

"करा की," बाई म्हणाल्या. "वाटी रिकामी करून फळीवर ठेवली आहे."

घर म्हणजे आणखी तिघं. मुलगी ब्यूटी पार्लर चालवायची. गंज काढायचं काम तिनं घेतलं, आणि बायकांच्या चेहऱ्यावर जी माया करायची तीच पत्र्यावर केली. आधी घासायचं, मग लेप, मग वाळू द्यायचं. जीप वाळेपर्यंत कुणी मोठ्यानं बोललेलंसुद्धा तिला खपत नसे. जावईबापू ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. नवशिक्यांच्या शेजारी बसून त्यांचा उजवा पाय कायमचा बिघडला होता. जेवताना कुणी वाढायला जरा जोरात आलं तरी टेबलाखाली त्यांचा ब्रेक दाबला जायचा. आणि तिसरी आत्या, म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तिला ऐकू कमी यायचं, पण मत भरपूर होतं. जुन्या टूथब्रशनं ती इंजिनाचे भाग घासायची आणि प्रत्येक भाग हातावेगळा करताना म्हणायची, "याच्यात काही दम नाही."

कामाची पद्धत अर्थातच शिंप्याची. "आधी कच्ची शिलाई, मग पक्की," हा मास्तरांचा हुकूम. त्यामुळे प्रत्येक नळी आधी पांढऱ्या दोऱ्यानं टाचून बघितली जायची, खडूनं खुणा व्हायच्या, ट्रायल व्हायची, आणि मगच पाना हातात यायचा. कापडी छत तर मास्तरांनी असं शिवलं की बघत राहावं. आत अस्तर, अस्तराला खिसे, आणि शिवणीत बोटभर कापड जास्तीचं दाबून ठेवलेलं.

"हे कशाला?" जावईबापूंनी विचारलं.

"असू द्या. पुढेमागे अंग धरलं तर उसवून वाढवता येईल."

"जीप अंग धरेल?"

"उतारवयात कुणाचं सांगता येत नाही."

बाईंनी कशालाही हात लावला नाही. मागच्या दारात बसून काजं करत राहिल्या. पण एकदा मास्तर जीपखाली आडवे झालेले असताना त्यांनी मुलीला हळूच विचारलेलं मास्तरांच्या कानावर आलं. "ती पुढची, ड्रायव्हरच्या शेजारची सीट आहे ना, तिच्यात गादी जरा जाड भरणार आहात का?" मास्तरांच्या हातातला पाना नाकावर पडला. नाक सुजलं, तरी दिवसभर स्वारी शीळ घालत होती.

शेवटी एकदाची जीप उभी राहिली. इंजिन चालू केलं तेव्हा मागच्या नळीतून आधी थोडी काजळी, मग चिमण्यांच्या घरट्याच्या काड्या आणि मग खणखणीत आवाज आला. घर नाचलं. मास्तरांनी खाली वाकून आवार झाडलं, आणि केरात एक लोखंडी खीळ निघाली. करंगळीएवढी.

एरवी त्यांनी ती कौतुकानं डोळ्यांसमोर धरली असती. आज त्यांना घाम फुटला. कुठली खीळ, कुठून निघाली, काही आठवेना. खिशात टाकली असती तर कुणाला कळणार होतं? पण इतकी वर्षं ज्या वाटीपायी पाय घासत फिरलो, तिला फसवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी खीळ गुपचूप नेऊन वाटीत ठेवली आणि आंघोळीला गेले. बाहेर आलो की सरळ सांगून टाकायचं, असं अंगावर पाणी घेता घेता त्यांनी ठरवलं.

बाहेर आले तर सगळं घर ठेवणीतले कपडे घालून आवारात हजर. बाईंच्या हातात वाटी, आणि ती उपडी.

"रिकामी आहे," बाई म्हणाल्या. "जमलं म्हणायचं तुम्हाला."

मास्तरांनी वाटीकडे बघितलं, मग घराकडे. मुलगी नखं बघत होती. जावईबापूंचा पाय जमिनीत ब्रेक शोधत होता. आत्याला ऐकू आलं नव्हतं, किंवा आलं होतं. बोलायची वेळ हीच होती. मास्तरांनी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात बाईंनी पदर सावरत एक पाय जीपमध्ये ठेवला, आणि उघडलेलं तोंड तसंच मिटलं. मास्तर खोटं बोलले नाहीत. बोललेच नाहीत.

जीप गल्लीत निघाली. पुढे मास्तर आणि बाई, मागे तिघं. मास्तरांना रस्ता दिसत होता, पण खरं लक्ष डाव्या कोपराकडे होतं. तिथं बायको बसली होती.

पहिला खड्डा आला आणि उजवा दिवा गर्रकन उलटा फिरून इंजिनाकडे बघायला लागला. मास्तरांनी ब्रेक दाबला. ब्रेक दाबताच बाईंची सीट मागून उचलली गेली, आणि सलूनच्या दारात उभ्या असलेल्या न्हाव्याला बाईंनी कमरेत वाकून नमस्कार केला. न्हाव्याच्या हातातला वस्तरा खाली पडला. ज्या बाईनं आयुष्यात कुणापुढे मान तुकवली नव्हती, ती आपल्यापुढे?

मागून मुलगी पुटपुटली, "बाबा, हे बहुतेक दिव्याचं असेल." तिच्या पर्समधून एक दोन कानांचा नट निघाला.

"तू घेतलास?"

"अंगणात सापडला होता. वाटीत टाकला असता तर आई बसली असती का?"

हा नट होता. मास्तरांनी वाटीत ठेवली होती ती खीळ. मग ती गेली कुठं?

पुढच्या चौकात समोरची काच आडवी होऊन बॉनेटवर धाडकन निजली. ब्रेक. बाईंनी चौकातल्या पोलिसाला नमस्कार केला. पोलिसानं लष्करी गाडी बघून सलाम ठोकला. जावईबापूंनी खिशातून काचेची कडी काढली. "माफ करा, सासूबाईंसाठीच."

मग हॉर्न अडकला, तो थांबेचना. अख्खा रस्ता कानांत बोटं घालून उभा. आत्या मात्र खुलली. "अरे वा, काहीतरी वाजतंय!" असं म्हणून तिनं चष्म्याच्या डबीतून एक स्प्रिंग काढून भावाच्या हातावर ठेवली. "घे. याच्यात काही दम नव्हता, म्हणून ठेवून घेतली."

हा तिसरा ब्रेक नेमका शेजारणीसमोर लागला. हीच ती शेजारीण, जिच्याशी एका शिडीवरून बाईंचा वर्षानुवर्षं अबोला होता. बाईंनी तिच्यापुढे कपाळ डॅशबोर्डला टेकेपर्यंत नमस्कार घातला. शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, इतकं वाकून कशाला! शिडी मीच मोडली होती. उद्या चहाला या." बाईंनी कपाळ चोळलं. आता काय सांगणार, की नमस्कार माझा नव्हे, सीटचा आहे?

मास्तरांनी स्प्रिंग बसवली तसा हॉर्न थांबला. बाई खाली उतरल्या.

"म्हणजे वाटी रिकामी नव्हतीच," त्या म्हणाल्या.

"नव्हती," मास्तर म्हणाले. "या तिघांचं मला ठाऊक नव्हतं. पण एक खीळ मी स्वतः वाटीत ठेवली होती. सांगणार होतो. तू पाय ठेवलास आणि मला सांगवलं नाही. तू खाली उतरशील म्हणून."

बाई घराच्या दिशेनं चालू लागल्या. मास्तरांनी जीप वळवली, पहिल्या गियरमध्ये टाकली आणि जुन्या सवयीनं त्यांच्या शेजारून, त्यांच्या चालीनं न्यायला लागले. उघड्या बाजूनं त्यांचा एक पायसुद्धा रस्त्यावर घासायला लागला होता. शेजारची सीट रिकामी होती. मास्तरांना वाटलं, आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, निदान उचलून न्यायला लोक तरी आले असते.

थोडं चालून बाई थांबल्या. जीप थांबली. ब्रेक लागताच रिकाम्या सीटनं स्वतःहून एक नमस्कार केला. बाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. मग आपली पिशवी उघडली, रुमालाची गाठ सोडली आणि हात पुढे केला. तळहातावर करंगळीएवढी लोखंडी खीळ होती.

"ही कशाची असते?" त्यांनी विचारलं.

मास्तर उतरले, सीटच्या पायाशी गुडघे टेकून बसले आणि खीळ भोकात सारली. ती अशी बसली, जशी मापानं बेतलेली असावी.

"तुझ्याच सीटची," ते म्हणाले. "तू काढलीस वाटीतून?"

"एकच तर होती," बाई दुसरीकडे बघत म्हणाल्या. "मला वाटलं, एवढ्यावाचून चालेल."

मागे आत्या मोठ्यानं म्हणाली, "ऐकलं हं मी!"

बाई पुन्हा वर चढल्या. गादीवर एकदा जोर देऊन बघितला, पिशवी मांडीवर घेतली आणि सरळ समोर बघत म्हणाल्या, "चला. आणि तो पाय आत घ्या. आयुष्यभर माझ्या चालीनं चालवलीत, आता जरा जोरात घ्या."