आबांची परवानगी

'हो' हा शब्द तोंडातून काढायला या पृथ्वीवर सर्वांत जास्त वेळ कोण लावत असेल, तर ते तुमचे आबा, म्हणजे माझे व्याही. तुमच्या आईला बघायला ते देवगाव रंगारीहून आले, तेव्हा त्यांनी दोन बशा पोहे खाल्ले, पोह्यांना नावाजलं, मुलीला नावाजलं आणि काहीच न सांगता परत गेले. आम्ही सव्वा महिना वाट पाहिली. मी हताश होऊन दुसरं स्थळ बघायला लागले, तेव्हा कुठे त्यांचा होकार आला. पुढे एकदा धीर करून कारण विचारलं, तर म्हणाले, "विहीणबाई, बैल घ्यायचा तरी पहिल्या बाजाराला कुणी व्हय म्हणत नाय. ही तर सून!"

अशा माणसाच्या हाती तुमच्या बाबांनी तुमच्या मोबाईलची किल्ली दिली. शौर्य, तू कुणाला न विचारता गेममधली रत्नं विकत घेतलीस, ते प्रकरण तू विसरला नसशील. त्यानंतर बाबांनी तुमच्या खरेदीला कुलूप घातलं. तुम्ही कुठलंही ॲप मागितलं की विनंती मोठ्या माणसाच्या फोनवर जाणार, आणि त्याने पासवर्ड घातला तरच ते तुम्हाला मिळणार. तुमचे आईबाबा बंगळूरच्या ऑफिसात बसून न वाचताच मंजुरी देऊन टाकत. म्हणून मोठं माणूस कोण, तर इथे उस्मानपुऱ्यात बसलेले आबा. शेती धाकट्या काकांवर सोपवून ते शहरात राहायला आले, तेव्हापासून त्यांना पेपर वाचण्यापलीकडे काम उरलं नव्हतं. हे काम मिळालं आणि माणूस ताठ चालायला लागला. फोन बंडीच्या आतल्या खिशात, छातीशी. पासवर्ड घालायची वेळ आलीच, तर फोनवर उपरणं टाकून ते खालून बोटं चालवत. बैलबाजारात दलाल कापडाखाली बोटं धरून भाव ठरवतात, अगदी तसं. काहीच दिसत नसल्यामुळे पासवर्ड दर वेळी चुकायचा. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "चुकू द्या हो. कुणी बघितला तर नाय ना?"

पण पासवर्डपर्यंत गोष्ट क्वचितच पोचायची. विनंती आली की ते तिला नाही म्हणत नसत आणि होही म्हणत नसत. नुसती राहू देत. मग तुम्हालाच फोन करावा लागे. शौर्यने ड्रॅगन मागितला, तेव्हा मी त्यांच्याच घरी होते.

"खातंय काय त्ये?"

"काही नाही खात, आबा. गेममध्ये असतो तो."

"दूध देतंय?"

"आबा! आग ओकतो तो."

"मग लईच बेकार. घरात जनावर ठेवायचं, आन् त्येनंच घर पेटवायचं व्हय?"

त्यानंतर तिकडे पाऊस आहे का, भाजी कोणती केली, पडलेला दात कुठे ठेवला, अशी पाऊण तास चौकशी झाली. शेवटी, "बघू. उद्या फोन कर." उद्या ड्रॅगन पुन्हा उभा, दात पुन्हा चर्चेत. मी कपाळाला हात लावून बसलेली.

मी शिस्तीची बाई. ईश्वरीला शाळेच्या गणितासाठी ॲप हवं होतं, तेव्हा आबांनी तिला फोनवर सतराचा पाढा म्हणायला लावला. ती सतरा साते एकशे एकोणीसला अडखळली. "पाठ कर, मग बघू," म्हणाले. आठ दिवस ॲप नाही. ईश्वरी, तू मला रडत फोन केलास, आणि मला राहवलं नाही. मी तुमच्या बाबांना ईमेल लिहिली, मुद्दे घालून, एक ते पाच. आबांचा हेतू चांगला असला तरी मुलांचं नुकसान होतं आहे, सबब परवानगीचं काम आईवडिलांकडेच असावं. तुमच्या बाबांनी त्याच दिवशी आबांचं नाव काढून टाकलं. ते आबांना सांगायचं मात्र सगळ्यांकडून राहून गेलं.

गेल्या बुधवारी आबा रिक्षा करून माझ्याकडे आले. बसायच्या आधीच त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "विहीणबाई, ह्ये बघा बरं. दीड महिना झाला, वाजंनाच. दुकानवाला म्हणतो चांगलाय. त्येला काय कळतंय!"

फोनला काही झालेलं नव्हतं. मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "मुलांच्या परीक्षा असतील."

"व्हय, परीक्षा असंल," ते लगेच म्हणाले. इतक्या पटकन होकार देताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी चहा केला. त्यांनी तो संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि खाली बघत विचारलं, "तुमच्याकडं येतो का हो पोरांचा फोन?"

तुम्ही मला दर रविवारी सकाळी दहा वाजता फोन करता. एकही रविवार चुकलेला नाही.

"नाही," मी म्हणाले, "मलासुद्धा नाही."

त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. जाताना त्यांनी दारातूनच मला धीर दिला, "करतील, विहीणबाई. लेकरं हायेत."

तेव्हा मुलांनो, या रविवारी दहा वाजता मला फोन करू नका.