सहा सुताचा शाफ्ट

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. बाबा अमडापूरच्या बाजारात पोती वाहायचे, आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची. मी डिप्लोमा केला, मग डिग्री केली, आणि आज याच जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवतो. हे मी मान वर करून सांगतो. त्यामुळे माझी विद्यार्थिनी प्रतीक्षा हिच्या घरची परिस्थिती मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. तिचे आईवडील मेहकरजवळच्या खेड्यात मजुरी करतात. जालन्याच्या एका कंपनीनं तिला निवडलं होतं. अट एकच: शेवटच्या सेमिस्टरला सगळ्यात पास. प्रोजेक्टही त्यात आला.

आणि एक्स्टर्नल यायच्या चार दिवस आधी तिच्या ग्रुपचं मशीन डगडग हलत होतं.

एक्स्टर्नल म्हणजे बाहेरच्या कॉलेजातून येणारे परीक्षक. मशीन होतं टोकण यंत्र. हातानं ढकलायचं, चाक फिरलं की ठरावीक अंतरावर सोयाबीनचा एकेक दाणा जमिनीत पडतो. ग्रुप तिघांचा. शुभमनं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढलं. आकाशनं देऊळगाव राजाला काकाच्या वेल्डिंगच्या दुकानात सांगाडा आणि शाफ्ट बनवून आणला. शाफ्ट म्हणजे चाक आणि दाणे सोडणारी तबकडी ज्या लोखंडी दांडीवर बसते ती. प्रतीक्षानं रिपोर्ट लिहिला. वाटणी झाली, तीन महिने तिघं आपापल्या जागी खूश.

त्या दिवशी पहिल्यांदा जोडाजोडी केली, तर शाफ्ट बेअरिंगमध्ये खुळखुळ वाजायला लागला.

"काऊन बे, ड्रॉइंगवर वीसचा शाफ्ट लिहेल होता ना?" शुभम तडकला.

"तुहं ड्रॉइंग मोबाइलवर मुंग्यावानी दिसते," आकाश म्हणाला. "काकाले सांगतलं, वीसचा पाहिजे. काका म्हणे, म्हंजे सहा सूत. देल्ला कापून."

दुकानांत आजही सुतात मोजतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा सूत म्हणजे एकोणीस मिलिमीटर आणि किंचित वर. बेअरिंगचं भोक वीसचं. गेट बनवायला एवढा फरक चालतो, बेअरिंगला चालत नाही. शाफ्ट हलला की तबकडी हलते, मग दाणे कधी दोन पडतात, कधी एकही नाही.

"पत्र्याची पट्टी गुंडाळतो सर, वरून वेल्डिंग मारतो," आकाश म्हणाला. "एक्स्टर्नल का वावरात नेऊन पाहणार हायेत?"

मी प्रतीक्षाला विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"पंधरा दिवसांखाली. मी व्हर्नियर लावून मोजला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली होती सर. आकाश म्हणे, तू रिपोर्ट लिही, मॅडम नको बनू."

आकाशनं मान खाली घातली. मी त्याला झापणार होतो. त्याआधी प्रोजेक्ट डायरी उघडली. तिच्यात दर आठवड्याचं काम लिहायचं आणि गाइडची, म्हणजे माझी, सही घ्यायची असते. ‘शाफ्ट तयार, तपासला’ या ओळीखाली माझी सही होती. पाच आठवड्यांच्या सह्या मी स्टाफरूममध्ये एकाच बैठकीत ठोकल्या होत्या. शाफ्ट हातातही घेतला नव्हता. झापायचं राहून गेलं.

आमच्या विभागप्रमुख, एचओडी मॅडम म्हणाल्या, "पट्टी लावा अन् मोकळे व्हा सर. पोरीची नोकरी जाईल उगाच."

मला मोह झाला. पण पट्टी दहा पावलांत निसटली असती, आणि परीक्षकांनी यंत्र चालवायला सांगितलं असतं तर तिघंही गेले असते. मी स्टोअरमधून पंचवीस मिलिमीटरच्या दोन सळया काढल्या. कॉलेजच्या लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून तासायच्या मशीनवर, नवा शाफ्ट करायचा ठरलं. अट घातली की कुणी आपलं नेहमीचं काम करायचं नाही. शुभम लेथवर. आकाश ड्रॉइंग वाचणार. प्रत्येक कापानंतर प्रतीक्षा मोजणार, आणि ती थांब म्हणाली की थांबायचं.

शुभमचा घाम निघाला. "हात लाव ना बे आक्या!"

"मी ड्रॉइंग वाचून राह्यलो. सायबाचं काम हाय."

पहिली सळई शुभमनं जास्त तासली. वाया. दुसरीला प्रतीक्षा ओरडली, "थांब! आता हलक्या हातानं." शाफ्ट बेअरिंगमध्ये दाबून बसला. खुळखुळ बंद.

परीक्षक आले. त्यांनी रिपोर्ट उघडलाच नाही. "शाफ्ट पहिल्याच वेळी बरोबर झाला?" त्यांनी प्रतीक्षाला विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाखालून दोन फसलेले शाफ्ट काढून पुढ्यात ठेवले. "नाही सर. हे दोन चुकले."

"पहिला माह्यानं चुकला," आकाश म्हणाला.

"दुसरा माह्यानं," शुभम म्हणाला.

परीक्षक माझ्याकडे वळले. "आणि गाइड काय करत होते?"

"सह्या," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत यंत्र चालवायला लावलं, स्वतः वाकून दाणे पाहिले. एका ओळीत दोन जागा रिकाम्या निघाल्या. त्याचेही गुण कापले.

आता मी ग्रुपला कामं वाटून घेऊ देतो, पण तोंडी परीक्षा दुसऱ्याच्या कामावर घेतो. पोरं वैतागतात. वैतागू देत.

तिघंही पास झाले. प्रतीक्षा जालन्याला क्वालिटी विभागात रुजू झाली. तिच्या घरातली ती पहिली इंजिनिअर.