मागच्या जिन्याची किल्ली

१७ एप्रिल. वसतिगृहातल्या गाद्या गच्चीवर उन्हात टाकायचं काम. मुलींच्या या वसतिगृहाची मी रेक्टर. गाद्या मुलीच वर आणतात, मी उभी राहून झटकून घेते.

एक गादी उलटवली तर खालच्या बाजूला ताटाएवढा काळा डाग, मध्ये कापूस जळून खड्डा. कॉइलच्या शेगडीचा. गादी धावडा गावाहून आलेल्या मुलीची होती.

"शेगडी कॉटखाली कशाला ठेवलीस?"

"तुमच्या चपला वाजल्या, मॅडम. तुम्ही राउंडला आल्त्या. मंग जल्दी जल्दी खाली सारली. तापलेलीच होती."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर शेगडी गेली असती. खिचडी बी."

खरं होतं. इतकी वर्षं मी शेगड्या जप्त करत आले. कपाट भरलं, आणि मी स्वतःवर खूश होते. माझ्याच धाकानं विस्तव कॉटखाली जात होता.

आणि पळायला जिना एकच. मागच्या जिन्याच्या लोखंडी दाराला संस्थेनं कुलूप लावलेलं, मुलींच्या सुरक्षिततेसाठी. किल्ली सचिवांच्या घरी. मी दोनदा लेखी दिलं होतं. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "आग लागली तर फोन करा, बाई. पाच मिनिटांत किल्ली हजर."

मी गच्चीवरूनच फोन लावला. "सर, आग लागली असं समजा. किल्ली आणा."

"आत्ता? जेवतोय मी."

"जेवण होईपर्यंत आग थांबेल का?"

ते आले तोवर गाद्यांची एक बाजू तापून आम्ही दुसरी उन्हाला लावली होती. किल्ली कुलुपात गेली, पण फिरेना. गंज. खोबरेल तेल घातलं, तरी फिरेना. जिन्यावर मुली दाटीनं उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "राहू द्या, सर. आम्ही तर केव्हाच जळून गेलो."

मुली हसल्या. सर तापले.

"नवं कुलूप पाठवतो. दार उघडं ठेवलं आणि एखादी पोरगी निघून गेली, तर जबाबदार कोण?"

"आजवर ज्या गेल्या त्या पुढच्या दारानं गेल्या, रजिस्टरात सही करून. कुलूप नको. आतून कडी बसवते."

"मंडळाचा निर्णय आहे, बाई. कुलूप तोडलंत तर राजीनामा तयार ठेवा."

"ठेवते. मागण्याआधी मंडळाला ही दाखवा." ती जळकी गादी मी गुंडाळली आणि त्यांच्या गाडीच्या डिकीत कोंबली. ते नको नको म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्डर बोलावून कुलूप कापलं आणि आतून कडी बसवली. अंबडच्या माहेराहून आणलेली बैलाची घंटा घरात पडून होती, ती दाराला बांधली. आता कुणी गुपचूप निघेल ही भीती नको. कपाटातल्या शेगड्या ज्यांच्या त्यांना परत दिल्या आणि सांगितलं, "खालच्या सिमेंटच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर शिजवायचं. खोलीत नाही." मग सगळ्यांना मागच्या जिन्यानं एकदा खाली उतरवलं. रेंगाळल्या, म्हणून पुन्हा उतरवलं. त्यानंतर कापलेलं कुलूप पिशवीत घातलं, सचिवांच्या घरी नेऊन दिलं आणि मिळाल्याची त्यांची सही घेतली.