एकशे चव्वेचाळीस तुकडे

मिलिमीटरकाकांनी आयुष्याची चौतीस वर्षं गटारांचे नकाशे काढण्यात घालवली. काम वाईट नव्हतं, फक्त त्यात कौतुक नव्हतं. गटार नीट वाहत असलं की त्याचा नकाशा कुणी काढला हे कुणी विचारत नाही, आणि तुंबलं की सगळं शहर एकदमच विचारायला लागतं. शिवाय काढलेली प्रत्येक रेघ शेवटी जमिनीखालीच जायची. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि भाषणात ते रस्ते विभागात होते असं सांगितलं.

टोपणनाव इमारतीतल्या लोकांनी ठेवलं होतं. जिन्याच्या कठड्याला रंग देणाऱ्याला काकांनी पट्टी घेऊन गाठलं, त्या दिवसापासून ते मिलिमीटर झाले. लोक ते हसून म्हणायचे, काका ते पदवीसारखं ऐकायचे.

या इमारतीच्या गच्चीवर उन्हाळ्याचे तीन महिने दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, उन्हं उतरली की सगळी बिऱ्हाडं जमत. प्रत्येकाने काहीतरी खायला आणायचं. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात काकांनी कच्च्या भाज्यांचं ताट नेलं. मध्ये बुडवून खायला दह्याच्या डिपची वाटी आणि भोवती गाजर, काकडी, मुळा, सिमला मिरची. ताट टेबलावर ठेवलं आणि बायका, पुरुष, पोरं सगळी गोळा झाली. कुणी फोटो काढले, कुणी "अहो, हे मोडायचं कसं?" म्हणालं. काकांच्या रेघा पहिल्यांदाच जमिनीच्या वर आल्या होत्या आणि लोक त्या बघत होते. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. माणसाला कौतुकाची चटक साठाव्या वर्षी लागली तर ती फार वाईट लागते.

त्याला आता नऊ उन्हाळे झाले होते. आदल्या दिवशी मोठ्या कागदावर ताटाचा नकाशा निघायचा, प्रत्येक तुकड्याला नंबर, खाली कोपऱ्यात तीन चौकोन: काढणार, तपासणार, मंजूर. पहिल्या चौकोनात काकांची सही. उरलेले दोन कायम रिकामे, कारण तपासायला आणि मंजूर करायला आता वर कुणी उरलंच नव्हतं. तुकडा आठ सेंटिमीटर लांब आणि नऊ मिलिमीटर जाड. काकडीतल्या बिया चमच्याने खरवडून काढायच्या, नाहीतर तिला पाणी सुटतं आणि शेजारचा मुळा भिजतो. कापलेलं सगळं अर्धा तास बर्फाच्या पाण्यात आणि मग सुती फडक्यावर, एकेक तुकडा टिपून. दही आदल्या रात्री फडक्यात टांगायचं, सकाळी त्यात लसूण, मिरपूड, पुदिना आणि लिंबू. सेक्रेटरी त्या डिपला "ती पांढरी चटणी" म्हणायचे. काका ते ऐकून घ्यायचे, पण विसरायचे नाहीत.

कार्यक्रम संपला की ताट घरी यायचं आणि काका लाल पेन्सिल घेऊन बसायचे. नकाशावर जो तुकडा खाल्ला गेला त्याला गोल. कधी अकरा गोल, कधी चौदा, एकदा फक्त नऊ. पण गोल असायचेच, आणि तेवढ्यावर काकांचा पुढचा महिना जायचा. गोल नेहमी काकडीवर आणि सिमला मिरचीवर असत, गाजराला कुणी शिवत नसे आणि डिपही जसंच्या तसं परत येई. यावर काकांचा सखोल अभ्यास होता. "लोकांना केशरी रंग हिरव्याच्या शेजारी खुपतो," ते काकूंना सांगायचे. "आणि डिप घेत नाहीत तो संकोच आहे. चारचौघांत बुडवायला लाजतात."

"असेल," काकू म्हणायच्या. "छान झालं होतं पण."

काकूंनी तीस वर्षं शाळेत बालवर्ग सांभाळला होता. घराचं छत खाली आणि पाया वर असं चित्र घेऊन आलेल्या पोरालाही त्यांनी "छान" म्हटलं होतं. मग एवढं मोठं पोर घरात असताना त्या दुसरं काय म्हणणार?

ताट कोण खातं, हे काकांना कधी दिसलंच नाही, कारण ते तिथे उभेच राहत नसत. त्यांचे जुने साहेब म्हणत, नकाशा स्वतः बोलला पाहिजे, काढणाऱ्याने शेजारी घुटमळू नये. म्हणून ताट मांडून झालं की काका पाण्याच्या टाकीजवळ जाऊन समोरच्या इमारतीचे पाइप बघत बसत.

टाकीकडे पाठ करून उभे राहिले असते तर बरंच काही दिसलं असतं. दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर ताटासमोर उभे राहून भाज्यांतल्या चोथ्याचं महत्त्व सांगायचे आणि बोलता बोलता त्यांचा हात शेजारच्या तळलेल्या बटाट्यांत जायचा. व्यायाम शिकवणाऱ्या बाई ताटाबरोबर फोटो काढून घ्यायच्या, "आजचं जेवण" म्हणून तो जगाला पाठवायच्या आणि मग केककडे वळायच्या. हे ताट त्या गच्चीवर सगळ्यांना हवं होतं. ते समोर असलं की बाकीचं बिनघोर खाता येत असे.

आणि यंदा मे महिन्यात सेक्रेटरींनी जिन्यात काकांना थांबवलं.

"काका, राग मानू नका. कमिटीत विषय निघाला. टेबलावर जागा अडते. तुमचं ताट बघायला झकास आहे, पण खातं कोण?"

"चौदा," काका म्हणाले. "गेल्या वेळी चौदा तुकडे गेले."

"एकशे चव्वेचाळीसपैकी! असं करू. या शनिवारी निम्म्याहून जास्त गेलं, तर ताट कायम, वर तुम्हाला वेगळं टेबल. नाही गेलं तर पुढच्या वर्षीपासून तुम्ही खुर्च्या लावायचं काम बघा. तुमच्यासारख्या रांगा कुणाला जमणार?"

काका घरी आले ते बसलेच. पाणीही मागितलं नाही. काकूंनी दोनदा विचारल्यावर सगळं सांगितलं. "खुर्च्या म्हणे. म्हणजे परत कुणी बसलं की दिसायचं नाही ते काम."

काकूंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "निम्म्याहून जास्त म्हणजे किती हो?"

"त्र्याहत्तर."

"बरं," काकू म्हणाल्या आणि दिवा लावायला उठल्या.

शनिवारी ताट असं जमलं होतं, जसं नऊ वर्षांत कधी जमलं नव्हतं. चार भाज्या, प्रत्येकीचे छत्तीस तुकडे, गाजर मुद्दाम हिरव्यापासून लांब. काका टाकीजवळ गेले. समोरच्या इमारतीचे पाइप त्यांनी तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा वेगळे आले. मागून हसण्याचे आवाज येत होते, पण मागे वळून बघायचं नाही, हा नियम त्यांनी मोडला नाही. जीव मात्र सगळा त्या टेबलावर होता.

दोन तासांनी सेक्रेटरींनी सगळ्यांना गोळा केलं आणि स्वतः तुकडे मोजले. मग परत मोजले. "एकाहत्तर उरलेत," ते म्हणाले. त्यांचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता. "म्हणजे त्र्याहत्तर गेले! काका, जिंकलात!"

टाळ्या झाल्या. मग जो तो पुढे सरसावला. डॉक्टर म्हणाले, "पंचवीस-तीस तर मीच खाल्ले." व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, "मी आज दुसऱ्या कशाला हातच लावला नाही, चाळीस तरी झाले असतील." पहिल्या मजल्यावरच्या जोडप्याने मिळून पन्नास सांगितले. सेक्रेटरी स्वतः वीसवर आले. काका हे सगळं मनातल्या मनात मांडत होते, सवयच ती. बेरीज एकशे चाळीसवर गेली आणि अजून निम्मी गच्ची बोलायची राहिली होती. ताटातून गेले होते फक्त त्र्याहत्तर.

तेव्हा त्यांनी ताटाकडे नीट पाहिलं. काकडी सगळी गेली होती. सिमला मिरची सगळी गेली होती. मुळे छत्तीसच्या छत्तीस जागेवर. डिपवर एक रेघसुद्धा नव्हती. आणि गाजरांत एकच जागा रिकामी होती. छत्तीस आणि छत्तीस बहात्तर. त्र्याहत्तरावा तुकडा गाजराचा.

मुळ्याचा वास घरात कुणाला सहन होत नाही, हे काकांना माहीत होतं. लसणाने कुणाची छाती जळते, तेही माहीत होतं. कडक काही चावलं की कुणाची उजवी दाढ वर्षानुवर्षं ठणकतेय आणि कोण दवाखान्यात जायला टाळाटाळ करतंय, हेही. पण हे तिन्ही त्यांनी एका कागदावर कधी मांडलं नव्हतं.

त्यांनी मान वळवली. टेबलाच्या टोकाला, भिंतीलगतच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या. चेहरा पांढरा पडलेला, उजव्या गालावर हात, दुसऱ्या हातात गच्च आवळलेला रुमाल. टाळ्या वाजवायला दोन्ही हात मोकळे नव्हते म्हणून त्या मान हलवून हसत होत्या.

"दोन शब्द बोला, काका!" सेक्रेटरी म्हणाले.

काकांनी घसा साफ केला. "ताट आजपासून बंद," ते म्हणाले. "खुर्च्या मी लावेन."

सगळे हळहळले. डॉक्टर म्हणाले, "अरेरे, मग आम्ही चोथा कुठून खायचा?" आणि बटाट्यांकडे वळले.

जिना उतरून दोघं घरात आली. दार लागलं आणि मग काकूंनी रुमाल उलगडला. आत दाढेचा तुकडा होता आणि गाजराचा अर्धा.

"माझी दाढ गेली आणि तुम्ही ताट बंद करून आलात?" काकू कडाडल्या. "काकडी बाधते मला! नऊ वर्षं ढेकर देतेय मी! ती काय हौस म्हणून?"

"कुंडीत टाकायचीस ना," काका कसंबसं म्हणाले. "पर्समध्ये घालायचीस. मला कळलं असतं थोडंच?"

"टाकायची? अर्धा अर्धा तास बर्फात ठेवता, एकेक तुकडा पुसता तुम्ही. टाकायची कशी?" आणि मग त्या रडायलाच लागल्या. थोडं दुखण्याने, थोडं रागाने, आणि उचकीबरोबर मध्येच हसूही येत होतं.

 काकांनी मिठाच्या कोमट पाण्याचा पेला आणून दिला. मग उरलेली पस्तीस गाजरं कुकरमध्ये घालून पार मऊ शिजवली, ती चमच्याने घोटली आणि वाटीत घालून काकूंसमोर ठेवली. आठ सेंटिमीटर कुठे गेले, नऊ मिलिमीटर कुठे गेले, काही पत्ता राहिला नाही. काकूंनी डाव्या बाजूने सावकाश दोन चमचे खाल्ले.

मग काकांनी त्या दिवसाचा नकाशा टेबलावर पसरला. त्र्याहत्तर लाल गोल त्यांनी काढले नाहीत. पेन्सिल काकूंच्या हातात दिली आणि कोपऱ्यातल्या चौकोनावर बोट ठेवलं. तपासणार.

"मी काय लिहू यात?"

"तपासलंस तू. लिही जे असेल ते."

काकूंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि बालवर्गातल्या गोल अक्षरात लिहिलं: गाजर फार कडक. काकडी नको. थोडं थांबून, तोंडात बोट घालून दाढेची जागा चाचपून, त्याखाली अजून एक ओळ घातली: लसूण कमी.

काकांनी ते तीनदा वाचलं. नऊ वर्षांत सत्तावीस ताटं झाली, आणि खाणाऱ्याचं मत आज पहिल्यांदा मिळालं होतं.