मेडलच्या कडेवरचं नाव

साहेब म्हणजे ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर मेजर, आणि मी त्याच्या हाताखालचा ड्राफ्ट्समन. ऑफिस अदलियातल्या एका बसक्या व्हिलात होतं आणि काम गटारांचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं, बहारीनमध्ये जिकडेतिकडे खणाखणी चालली होती. बुदैयाच्या रस्त्यापर्यंतच्या पाइपांच्या रेघा मी ट्रेसिंग पेपरवर ओढायचो आणि साहेब त्या लाल पेन्सिलीने खोडायचा. "लढाईत मी पूल बांधले, आणि आता हे," असं आठवड्यातून एकदा तरी म्हणायचा. मला त्याचा आणि त्या वाक्याचा सारखाच कंटाळा आला होता.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मात्र तो मेडलं लावून यायचा. लढाईत गेलेल्यांसाठी त्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना असायची. तिथे रविवार कामाचा, म्हणून प्रार्थना आटोपली की तसाच ऑफिसात. एसी धड चालत नसे, घामाच्या धारा लागलेल्या, पण गडी कोट काढत नसे. एका वर्षी बहुधा थकला असावा. कोट काढून त्याने माझ्याच टेबलावर टाकला आणि खुर्चीत बसून डोळे मिटले.

मी मेडलं बघत बसलो. सात होती. एक चांदीचा क्रॉस, गोळीबार चालू असताना नदीवर पूल टाकल्याबद्दल मिळालेला. बाकीची त्या त्या मोहिमेची. आमच्या घरी होतं तसलंच एक त्यांत दिसलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे वडीलही सॅपर होते."

सॅपर म्हणजे फौजेत पूल-रस्ते बांधणाऱ्या पलटणीतले. चार वर्षं मी हे त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं की काहीतरी मागितल्यासारखं होतं. वडील त्याच दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले ते परत आलेच नाहीत. मी तेव्हा आईच्या पोटात होतो. तार आली, काही वर्षांनी एक मेडल आलं. कसे गेले, कुठे गेले, कुणी कळवलं नाही. पेन्शनचे कागद चुलत्याकडे होते, ते भाऊबंदकीत गेले ते गेलेच. आईला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की शेवटी त्यांच्याजवळ कुणी होतं का. दर रजेला ती विचारायची, जणू बहारीनला जाताना इटली वाटेतच लागते.

साहेबाने डोळे उघडले. "आमची मेडलं बघ," तो म्हणाला. "कडा कोऱ्या आहेत. या लढाईची मेडलं आम्हाला नावाशिवाय दिली. तुमच्या सरकारने मात्र नावं घातली. नंबर, हुद्दा, नाव, सगळं कडेवर असतं. तेवढा नंबर आण. फौजेतल्या एकेका कंपनीच्या रोजच्या नोंदींच्या डायऱ्या कुठे ठेवल्यात ते मला माहीत आहे. माझा एक दोस्त शोधून देईल."

इतकी वर्षं जे मेडल आमच्या देव्हाऱ्यात होतं त्यावरच सगळं लिहिलेलं होतं! मला त्या साहेबाच्या पाया पडावंसं वाटलं.

मेमध्ये रजा मिळाली. ऑफिसातलं भिंग बॅगेत घालून साताऱ्याकडच्या आमच्या गावी गेलो. साहेब नंबराचं काय म्हणाला ते रात्रीच आईला सांगितलं. सकाळी तिने देवांमधून मेडल काढून माझ्या हातावर ठेवलं. लख्ख होतं. कडा भिंगाखाली धरून गोल फिरवली, पुन्हा फिरवली. एकही अक्षर नव्हतं. मेडलवरच्या इंग्लंडच्या राजाचं नाकसुद्धा राहिलं नव्हतं. नागपंचमी, दसरा, दिवाळी, दर सणाला चिंच आणि राख लावून काथ्याने ती देवांबरोबर ते घासत आली होती, तीस-बत्तीस वर्षं.

"काय लिवलंय रं?" तिने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

ती जवळ सरकली. "लई भ्या वाटायचं मला. घासता घासता जातंय का काय, म्हनून. गेलं न्हाई न्हवं?"

"नाही गेलं, आई," मी म्हणालो आणि कोऱ्या कडेवरून वडिलांचं पूर्ण नाव वाचलं. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिने तोंडातून काढलं नव्हतं. ती म्हणाली, "आनिक एकदा वाच." मी वाचलं. मग तिने नंबर विचारला, तोही मनाला येईल तो सांगितला. तिने पदर डोळ्यांना लावला. तेव्हा मला वाटलं, बरंच केलं.

परत आल्यावर साहेब पेन काढून बसला. नाही म्हणायला तिथे सगळेच वापरायचे तो अरबी शब्द माझ्या तोंडी आला, "नंबर मफी, सर." त्याने माझ्याकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. नावावर शोध लागणार नव्हता. आमच्या नावाची माणसं पलटणीत पन्नास असतील.

पण आईच्या लेखी नंबर मिळालेला होता. मास्तरांकडून लिहून घेतलेली तिची पत्रं येऊ लागली. साहेबाला काही कळलं का? मी लिहायचो, शोध चालू आहे. साहेब दोन वर्षांत विलायतेला निघून गेला, ते मी तिला कळवलंच नाही. शोध चालूच ठेवला. दर महिन्याला तेच खोटं लिहून मी इतका थकलो की, खरं सांगतो, तिचं पत्र आलं की दोन-दोन दिवस फोडत नसे.

तिच्या शेवटच्या पत्रात खुशाली होती, म्हैस विकल्याचं होतं, आणि खाली मास्तरांनी तिचेच शब्द लिहिले होते: "सायबाला म्हनावं, सवडीनं हुडका. घाई न्हाई. मी हाय अजून."

ते पत्र मी फोडलं तेव्हा ती जाऊन चार दिवस झाले होते.